आइसलंडचा वर्तुळमार्ग

आइसलंडच्या नकाशांत किनाऱ्याकिनाऱ्यानें बेटाला वेढा घालणारी एक रेघ दिसते. हाच तेथील वर्तुळमार्ग. लांबी सुमारें १,३२० किलोमीटर. बेटाचा विस्तार एक लक्ष तीन हजार चौरस किलोमीटर, पण वस्ती चार लक्षांच्या आंतबाहेर. मध्यभागीं लाव्हारस, वाळू आणि बर्फ. तेथल्या वाटा उन्हाळ्यापुरत्याच उघडतात. उतारूंची आगगाडी तर तेथें कधींच झाली नाहीं. तेव्हां जें काय दळणवळण, तें या एका रस्त्यानें.

हें वर्तुळ पुरें व्हावयास मात्र १९७४ साल उजाडावें लागलें. दक्षिणेस वात्नायोकुत्ल नांवाचा बर्फाचा प्रचंड थर आहे. त्याच्या पोटांत ज्वालामुखी! उष्णतेनें बर्फ वितळून पाणी सांचत राहतें आणि एके दिवशीं बर्फ उचलून एकदम बाहेर पडतें. पायथ्याच्या काळ्या वाळूच्या मैदानांत नद्यांना कायमचें पात्र असें नाहींच. या मैदानापलीकडे ओराइवी हा भाग. तेथील शेतकरी पाण्यांत मुरलेल्या घोड्यांवर बसून या नद्या ओलांडीत. १९६७ सालीं पूर्वेकडच्या नदीवर पूल झाला. तरी पश्चिमेस राजधानीला मोटारीनें जावयाचें तर उत्तरेकडून सारें बेट फिरावें लागे. घरांत कोणी अत्यवस्थ असतां हा वळसा काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

बेटावरील वसाहतीस अकराशें वर्षें झालीं त्याच वर्षीं, सोडतीचे कर्जरोखे विकून उभारलेल्या पैशानें, स्केइदारा नदीवर सुमारें नऊशें मीटरांचा पूल खुला झाला. त्यांतील धोका इंजिनियरांस ठाऊक होता. महापूर आला तर रस्त्याचा भराव खुशाल वाहून जावा, पण पूल वांचावा, अशी त्यांची योजना होती. आम्हांस हा शहाणपणा फार आवडला.

१९९६ च्या सप्टेंबरअखेर बर्फाखालीं ज्वालामुखी जागा झाला. पाणी कोठें सांचत आहे हें शास्त्रज्ञांस कळत होतें. महिनाभर सारा देश वाट पाहत होता! ५ नोव्हेंबरला सकाळीं पूर आला. ऐन भरांत सेकंदास चाळीस हजार घनमीटरांहून अधिक पाणी, आणि त्यांत घरांएवढाले बर्फाचे खडक. शेजारचा ग्यीग्युक्विस्ल नदीवरील पूल समूळ गेला. मोठ्या पुलाचाही एक भाग तुटला. रस्ता आधींच बंद केल्यामुळें एकही जीव गेला नाहीं. कांहीं आठवड्यांतच तात्पुरती वाहतूक सुरूही झाली. पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला ठेवलेल्या दिसतात.

पुढें २००९ मध्यें नदीनेंच पात्र सोडलें आणि ती पश्चिमेकडे वळली. एवढ्या खर्चाचा पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला. कोणी याला पैशाचा नाश म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. पस्तीस वर्षें ओराइवीच्या लोकांनीं तो वापरला. २०१७ मध्यें उरलेल्या लहान ओढ्यावर आंखूड पूल बांधण्यांत आला. जुना बाजूस तसाच आहे, आणि त्या वाळूंत आतां भूर्जाचीं रोपटीं उगवूं लागलीं आहेत.