डबीचा काय दोष?

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. शहाडला आमच्या दारात एक खासगी पद्मिनी अजून आहे, आणि पावसाळा सरला की तिचा डावा इंडिकेटर हटकून रुसतो.

‘फ्लॅशर बदला,’ हा पहिला सल्ला. फ्लॅशर म्हणजे छोटीशी डबी. बल्बांकडे जाणाऱ्या प्रवाहाने आतले पाते तापते, जोड सुटतो. निवले की पुन्हा जुळतो. एक बल्ब गेला तरी प्रवाह घटतो, लय बिघडते, आणि आळ येतो डबीवर! उजवी बाजू नीट लुकलुकत असेल तर डबी निर्दोष समजावी. (बँकेत ताळा चुकला की आम्हीही आधी नोंदी तपासायचो, कॅल्क्युलेटर नव्हे.) मग बल्ब, मग होल्डर. इंडिकेटरबरोबर मागचा लाल दिवाही मंद उजळत असेल, तर बहुधा अर्थिंग गेलेले असते. पत्र्यावरच्या स्क्रूखाली गंज धरतो. पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळला की काम झाले. खर्च चहाइतकाही नाही.

शहाडच्या पुलापाशी मागच्या दुचाकीवाल्याला माझा विचार कळतो तो या दिव्यावरूनच. दिवा रुसला असेल तेव्हा मी काच खाली करून हात गोल फिरवतो. नव्या पोरांना वाटते, आजोबा कुणाला तरी बोलावताहेत.