पडद्यावरची आडनावे

वाचकहो, 2025 साली आपल्या बीड जिल्ह्याच्या पोलीस खात्यात एक लहानशीच गोष्ट घडली. टेबलावरच्या पाटीवर नि छातीवरच्या पट्टीवर नुसते नाव राहिले, आडनाव गेले. कारण सांगायला नको. आडनाव वाचले की आपण मनातल्या मनात जात ताडतो, आणि हा आपला का परका ते ठरवून मोकळे होतो. आज मला बोलायचे आहे ते प्रेमाच्या चित्रपटांविषयी. पण सुरुवात या पाटीपासूनच केलेली बरी. पडद्यावरच्या प्रेमिकांना आडनावे असतात का, हे कधी पाहिलेत?

1936 साली बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन. ब्राह्मण मुलगा प्रताप आणि अस्पृश्य मुलगी कस्तुरी यांची ही कथा. त्या काळी हा विषय घेणे हेच धाडस होते, ते मान्य. पण कस्तुरी झाली विलायतेत शिकलेली देविकाराणी. मुलगी सोशिक, सुंदर, आणि शेवटी आगगाडीखाली जीव देणारी. प्रेक्षकांनी डोळे पुसावेत नि घरी जावे! दुर्बळ माणूस पडद्यावर आला, पण आला तो कणव मागायला.

बरोबर 80 वर्षांनी, 2016 च्या एप्रिलात, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातले, वडार समाजातले. इथे आडनावे लपवलेली नाहीत. अर्ची पाटील, पारश्या काळे, त्याचा मित्र प्रदीप बनसोडे, वर्गात शिकवणारे लोखंडे सर. नुसती यादी वाचली तरी गावाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. बोली तर आपल्या एस.टी. स्टँडावर ऐकू येते तशीच. बुलेट चालवते ती मुलगी, भांडायला पुढे होते तीही मुलगीच. अकलूजच्या रिंकू राजगुरूने हे काम शाळकरी वयात केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला.

मात्र अर्चीचा हा धीटपणा येतो कुठून? बापाच्या जमिनीतून नि सत्तेतून. हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचल्यावर तिचा तो ताठा उतरतो, हे दिग्दर्शकाने फार बारकाईने दाखवले आहे. लोखंडे सरांचा प्रसंगही असाच. वर्गात प्रिन्स सरांच्या थोबाडीत मारतो, आणि त्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही. हा प्रसंग पाहून बाहेरचे हळहळतात. आमच्यासारखे मास्तर गप्प बसतात.

2018 साली याच कथेवरून हिंदीत ‘धडक’ निघाला. कथा गेली उदयपुरात. प्रेम राहिले, मारेकरी राहिले, पण जात अगदी पुसट झाली. मग मुलीच्या घरचे एवढे का चिडले, हेच नीट उमगत नाही. श्रीमंत-गरिबाची नेहमीची गोष्ट होऊन बसली. कढीतून ताक काढून घ्यावे, तसे झाले म्हणा ना!

‘सैराट’मध्येही उणे आहेच. प्रदीप चित्रपटभर ‘लंगड्या’ म्हणूनच वावरतो. सलीम जिवाला जीव देतो, पण त्याचे घर, त्याचे स्वतःचे मन यांची ओळख आपल्याला फारशी होत नाही. मित्र म्हणजे नायकाच्या मदतीला धावून येणारा, एवढेच. आणि तो ऊस! आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे लक्ष तिकडे जाणारच. पाटलाची पोर त्यातून ट्रॅक्टर चालवीत येते, प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात. तो ऊस तोडणाऱ्याची गोष्ट मात्र हा चित्रपट सांगत नाही. आमच्या कॉलेजातली काही मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, पाडव्याच्या आसपास परततात. यंदा ती परत आली की हा चित्रपट वर्गात लावायचा विचार आहे. उसातला तो ट्रॅक्टर पाहून ती काय बोलतात, ते मला ऐकायचे आहे.