संगणकाचे मोडीवाचक

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून मोडी कागदांचे एखादे दप्तर हमखास निघते. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये येथे स्थिरावली आणि तिचे लष्कर शहर झाले. त्या कारकुनी लेखणीचा हा वारसा. कागद धड आहे, शाई टिकून आहे. उणा आहे तो वाचणारा. हीच अडचण आता जुन्या संगणकांवरील मराठी लेखनाच्या वाट्याला आली आहे.

१९९० च्या सुमारास डॉसच्या संगणकावर देवनागरी उमटवायची तर पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड हा एक प्रमुख मार्ग होता. मूळ संशोधन कानपूरच्या आय. आय. टी. मधले, सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाल्यावर ते पुण्यात वाढले. हे कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसवीत. डीबेससारख्या कार्यक्रमांना देवनागरीचा गंधही नसे. ते आपले आकड्यांत बांधलेली अक्षरे पडद्याकडे धाडीत, आणि वाटेत हे कार्ड त्यांतून जोडाक्षरे, वेलांट्या, रफार जुळवून दाखवी.

त्या काळी प्रत्येक कार्डाचा पत्ता बहुधा त्यावरील चिमुकल्या टोप्या, म्हणजे जंपर, बदलून ठरवावा लागे. दोन कार्डांनी एकच जागा मागितली की दोन्ही रुसून बसत. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ मध्ये 'प्लग अँड प्ले'ची जी तोड काढली, ती इतकी गमतीची आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. अशा प्रत्येक कार्डात ७२ बिटांची ओळख नोंदलेली असते. संगणक सर्वांना एकदमच साद घालतो आणि एकेक बिट विचारीत जातो. ज्याच्या ओळखीत त्या जागी एक असेल ते कार्ड उत्तर देते. ज्याच्यात शून्य असेल ते नुसते ऐकते, आणि दुसऱ्याचा आवाज कानी आला तर त्या फेरीपुरते माघार घेते. ७२ प्रश्नांअंती एकच कार्ड उरते. त्याला क्रमांक मिळतो व उरलेल्यांची हजेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मात्र हजेरी घेणारा हवा. १९९५ च्या विंडोज ९५ ने हे काम हौसेने अंगावर घेतले. पुढे पीसीआय जातीच्या खाचा आल्या, जुन्या आयसा खाचा नव्या यंत्रांतून नाहीशा झाल्या, आणि २००७ मध्ये घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टात ही हजेरी मुळातच बंद ठेवलेली होती. लिनक्सने याउलट २००१ च्या २.४ आवृत्तीत ती आपल्या गाभ्यात सामावून घेतली आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळली. व्यापाऱ्याला जुने गिऱ्हाईक खर्चात दिसते; हौशी माणसाला आपल्या अडगळीतले कार्ड चालावे एवढेच हवे असते. मला तरी फरकाचे कारण हेच वाटते.

मूळचे जिस्ट कार्ड या हजेरीच्याही आधीच्या पिढीचे. विंडोज अक्षरे स्वतःच रेखाटू लागली तशी त्याची गरज सरत गेली, आणि विंडोज २००० पासून देवनागरी प्रणालीतच आली. मग संस्थांच्या कपाटांतील फ्लॉप्यांचे काय? सभासदांच्या याद्या, इतिवृत्ते, एखाद्या आजोबांनी उतरवून घेतलेली वंशावळ?

येथे सुदैव आड आले. ते लेखन 'इस्की' या संकेतात किंवा त्याच्याच किंचित फिरवलेल्या रूपात साठविले जाई. इस्की हे १९९१ पासून भारतीय मानक आहे, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. त्यामुळे कार्ड नसले तरी अक्षरे परत मिळविता येतात. खाजगी फाँटांत टंकलेला मजकूर अधिक हट्टी. त्या त्या फाँटाचा तक्ता हाती असल्यावाचून तो उलगडत नाही. सार्वजनिक मानकाचा आग्रह धरणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

घरी अशा फ्लॉप्या असतील तर फाइल उघडल्यावर गिचमिड दिसते म्हणून ती पुसू नये, नव्या कार्यक्रमात उघडून तशीच जतनही करू नये. फ्लॉपीचे चुंबकत्व कायमचे नसते, म्हणून आधी जशीच्या तशी नक्कल घ्यावी. आणि टंकलेखन करणारी मंडळी हयात आहेत तोवर कोणता कार्यक्रम, कोणता फाँट, कोणते कार्ड हे त्यांना विचारून वेष्टनावर लिहून ठेवावे.