शुगर नॉर्मल, तरीही रक्तवाहिन्यांना धोका? इन्सुलिन रेझिस्टन्सचं गणित काय आहे?

इन्सुलिन फक्त साखर पेशींत पोहोचवतं, असं अनेकांना वाटतं. पण ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायलाही लावतं. त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि स्नायूंकडे जास्त रक्त जातं, त्यासोबत साखरही.

इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये हा संदेश क्षीण होतो. वाहिन्या आकसवणाऱ्या एंडोथेलिनचा मार्ग मात्र सुरूच राहतो. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, तसा तो आणखी जोर धरतो. वाहिन्या आवळल्या की स्नायूंपर्यंत इन्सुलिन कमी पोहोचतं आणि रेझिस्टन्स वाढतो. या काळात उपाशीपोटीची शुगर अनेक वर्षं नॉर्मल दिसू शकते.

'मी तर बारीक आहे' हा दिलासाही फसवा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! म्हणूनच भारतीयांसाठी कंबरेचं माप महत्त्वाचं: पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंमी, महिलांसाठी ८०.

आणि चालणं? चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात, शिवाय वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे अस्तर पुन्हा नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतं.