कानाच्या नसेवरील गाठ : किरणोपचारानंतरचे दिवस

'गाठ' म्हटले की आपल्या वस्तीत लगेच कर्करोगाचे नाव घेतले जाते. श्रवण आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर वाढणारी 'अकौस्टिक न्यूरोमा' ही गाठ मात्र कर्करोग नव्हे. ती सावकाश वाढते, शरीरात इतरत्र पसरत नाही. पण मेंदूला लागून असल्याने दुर्लक्ष करता येत नाही. गाठ लहान असल्यास पुष्कळदा 'गॅमा नाइफ' हा किरणोपचार सुचवला जातो. स्वीडनच्या डॉ. लार्स लेक्सेल यांच्या या यंत्रात सुरी नसतेच. कोबाल्टचे सुमारे २०० बारीक किरण एका ठिकाणी एकवटतात. भारतात हे यंत्र १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात व दिल्लीच्या एम्समध्ये आले.

उपचार एका दिवसात उरकतो. त्यामुळे घरच्यांना वाटते, काम झाले. पण किरणांनी गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ खुंटते. आणि तेच यश मानले जाते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात तर ती उलट थोडी सुजू शकते. एमआरआयच्या अहवालात आकार वाढलेला दिसतो आणि कुटुंब हादरते. कोणी पुन्हा शस्त्रक्रियेची घाई करतो, कोणी गंडेदोरे सुचवतो. बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात गंडेदोरे यावेत, याचे आम्हाला वाईट वाटते. ही सूज बहुधा पुढे ओसरते. जुन्या फिल्म्स जपून ठेवाव्यात. नव्या तपासणीशी ताडून पाहिल्याशिवाय डॉक्टरांनाही निष्कर्ष काढता येत नाही. मात्र तीव्र डोकेदुखी व उलट्या, तोंड वाकडे होणे किंवा चालणे अचानक बिघडणे, यांपैकी काही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गेलेले ऐकू येणे परत येत नाही, आणि उरलेलेही पुढील वर्षांत कमी होऊ शकते. हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. तोलाचे तसे नाही. दुसऱ्या बाजूचा कान, डोळे व पाय यांच्या आधाराने मेंदू नव्याने तोल सांभाळायला शिकतो. त्यासाठी मान व नजर फिरवण्याचे, चालण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावे लागतात. सुरुवातीला त्यांनी चक्कर येते, म्हणून घरचे प्रेमाने निजवून ठेवतात; त्याने सुधारणा लांबते. अंधारात व डोळे मिटून उभे राहताना तोल जातो, तेव्हा विहारात वंदनेला अशा उपासकास बसू द्यावे. ध्यानाच्या शांततेत कानातील आवाज अधिक जाणवतो. पंखा चालू ठेवल्यास थोडा आराम पडतो.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष दोन्ही कानांचा मोजला जातो, त्यामुळे एकच कान गेलेल्यास सहसा प्रमाणपत्र मिळत नाही. अडचण मात्र खरी असते : गोंगाटात बोलणे कळत नाही, हाक कोणत्या दिशेने आली ते उमगत नाही. वर्गात चांगला कान शिक्षकांकडे येईल असा बाक मागून घ्यावा. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे वळून पाहावे. आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगितलेले एमआरआय चुकवू नयेत. ते अनेक वर्षे चालतात.