गोठ्यातली गळती आणि आपला धंदा

गोंदिया शहराला लागलेल्या कुडव्यात ज्याच्या दारी दोन म्हशी, चार बकऱ्या बांधलेल्या असतात, तो आपला गिऱ्हाईक. दुधाचा पैसा हाती आला की ताका उलगडतो. नाही तर उधारीचे पान वाढते. म्हणून गोठ्याचा मसला व्यापारी बंधूंचाही आहे.

जनावराच्या पोटात वैरण आंबते तेव्हा मिथेन वायू तयार होतो व ढेकरांवाटे बाहेर पडतो. (लोक समजतात मागून. तसे नाही, बहुतेक तोंडावाटेच.) शंभर वर्षांच्या हिशेबाने हवा तापवण्यात हा वायू कार्बन वायूपेक्षा सुमारे २७ पट जबर आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. हवेची फिकीर कोणाला नसेल तर नसो, पण वैरणीची साधारण सहा-सात टक्के ताकद अशी ढेकरांत उडून जाते. दुकानातला माल असा गळला तर आपण स्वस्थ बसू काय?

आपल्या धानाच्या जिल्ह्यात वैरण म्हणजे तणीस. ती निकस, पचायला जड. त्यामुळे दूध कमी आणि लिटरमागे वायू जास्त. १०० किलो तणसीवर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, थर दाबून ताडपत्रीने हवाबंद करावेत, तीन आठवड्यांनी उघडावे. काही वेळ हवेवर पसरून मगच थोडी थोडी तणीस द्यावी. लहान वासरांना मुळीच देऊ नये. नुसता युरिया तोंडी गेला तर जनावर दगावते, याची खबरदारी घ्यावी.

दुसरी गळती उकिरड्यावर. तिथे शेण कुजून तोच वायू फुकट जातो. खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकापासून गोबर गॅसचा प्रसार केला, त्यालाही आता जमाना झाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे. त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. महिन्याला दीड सिलिंडरच्या वर बचत. मळी धानाला खत म्हणून जाते ती वेगळी. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरोघरी संयंत्रे बसवली; तिथल्या बाया गॅसवर रांधतात आणि उरलेली मळी विकतात.

गोंदियाची थंडी विदर्भात मशहूर, त्या दिवसांत गॅस घटतो. शेण कोमट पाण्यात कालवावे. आणि टाकी गळकी असेल तर सगळा उद्योग उलटा, कारण मिथेन तसाच हवेत जातो. लोखंडी ड्रम गंजतो, नळीत पाणी साचते, मग घरधनी कंटाळून पुन्हा गोवऱ्यांकडे वळतो. १९८४ साली आलेल्या विटांच्या घुमटाच्या दीनबंधू नमुन्यात ड्रम नाही, पण घुमट बांधायला हात कसबी लागतो. आपल्यातल्या गवंडी, वेल्डर व नळकाम करणाऱ्या बांधवांनी हे काम शिकून घ्यावे. साबणाचे पाणी लावून गळती शोधणे, नळीतले पाणी काढणे, ड्रमला दरसाल रंग देणे, एवढ्यावरही गावोगाव रोजी मिळू शकते.