आकडा जुळला, पुस्तकं तीच नव्हती

झ्युरिकहून पूर्वेला रेल्वेनं तासाभरात सेंट गालेन हे शहर येतं. भारतातून पाहुणे आले की त्यांना बर्फाचे डोंगर बघायचे असतात. एखादा दिवस हाताशी उरला, तर मी त्यांना इथल्या जुन्या मठाच्या ग्रंथालयात नेतो. आत जाताना लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून बुटांवर जाड लोकरी सपाता चढवाव्या लागत. सगळे बदकासारखे सरकत चालत आणि वर छताकडे बघत. हे देखणं दालन अठराव्या शतकातलं आहे. आतली पुस्तकं मात्र त्याच्या हजार वर्षं आधीपासूनची.

साधारण इ. स. 612 मध्ये गालुस नावाचा साधू इथल्या रानात झोपडी बांधून राहिला. 719 मध्ये ओटमार यांनी त्या जागी मठ उभारला. पुढं तो बेनेडिक्ट पंथाचा झाला. या पंथात रोजचं वाचन हा नियमाचाच भाग. वाचायचं तर पुस्तकं हवीत, आणि छपाई नव्हती तेव्हा ती हातानंच उतरवून काढावी लागत. आज इथं सुमारे 2100 हस्तलिखितं आहेत. त्यांतली जवळपास 400 इ. स. 1000 च्या आधीची. लॅटिन शब्दांचे जुन्या जर्मनमधले अर्थ देणारा आठव्या शतकाच्या अखेरचा कोशही त्यांत आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती यादी. नवव्या शतकात इथल्या साधूंनी ग्रंथांची सूची केली. ती अजून शिल्लक आहे. आयरिश वळणाच्या अक्षरातली पुस्तकं तिच्यात वेगळी नोंदवली आहेत. पुढं कोणीतरी समासात शेरेही मारलेत, की अमुक प्रत धड वाचता येत नाही, वगैरे. म्हणजे किती पुस्तकं आहेत एवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं, कुठलं पुस्तक कुठल्या अवस्थेत आहे तेही बघितलं जात होतं.

हे का महत्त्वाचं, ते 926 मध्ये कळलं. हंगेरियन घोडेस्वार चालून येत होते. चर्चलगतच्या बंद कोठडीत एकांतवासात राहणाऱ्या विबोराडा या तपस्विनीनं आधी पुस्तकं हलवा असा सल्ला दिला, अशी परंपरा सांगते. पुस्तकं रायशेनाऊ बेटावरच्या मठात गेली आणि वाचली. विबोराडानं मात्र कोठडी सोडली नाही. हल्लेखोरांनी तिला मारलं. आज ग्रंथालयांची संत म्हणून तिला मान आहे.

पुस्तकं परत आली तेव्हाची गोष्ट शंभरेक वर्षांनी एकेहार्ट या इथल्याच साधूनं लिहून ठेवली आहे. आकडा बरोबर जुळला म्हणे, पण पुस्तकं तीच नव्हती!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे वाक्य नेमकं झोंबतं. बॅकअप परत आणल्यावर नुसत्या फाइली मोजून चालत नाही, प्रत्येक फाइल आतून तीच आहे का हे तपासावं लागतं. त्यालाच आम्ही चेकसम म्हणतो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या साधूला चेकसम माहीत नव्हता, पण दुखणं अचूक कळलं होतं.

मी ज्या शहरात राहतो त्याचाही या गोष्टीत हात आहे. 1712 च्या लढाईत झ्युरिक आणि बर्नच्या सैन्यानं मठ लुटला, पुस्तकं उचलून नेली. पुढं बरीच परत मिळाली, पण काही झ्युरिकनं ठेवून घेतली. सोळाव्या शतकातला एक भला मोठा पृथ्वीचा गोलही. हा वाद थेट 2006 मध्ये मिटला. मालकी झ्युरिकची राहिली, पण सुमारे 35 हस्तलिखितं बिनमुदतीच्या उसनवारीवर सेंट गालेनला आली. गोलाची हुबेहूब प्रत करून दिली, मूळ गोल झ्युरिकच्या संग्रहालयातच राहिला. तीनशे वर्षं मागणी धरून ठेवता आली, कारण काय गेलंय हे नेमकं ठाऊक होतं.

1805 मध्ये मठच बंद झाला. ग्रंथसंग्रह मात्र फुटला नाही. तो त्या प्रांतातल्या कॅथलिक समाजाच्या संस्थेकडे आला आणि आजही तिच्याकडेच आहे. इथली शेकडो हस्तलिखितं आता ई-कोडिसेस या संकेतस्थळावर पानन् पान फुकट बघता येतात.

आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी माळ्यावर कापडात बांधलेल्या पोथ्या असतात. पुढच्या सुट्टीत गेलात तर त्यांचे फोटो जरूर काढा. पण त्याआधी वहीत लिहा: कुठली पोथी, किती पानं, कुठलं फाटलंय, कोणाकडे आहे. नाहीतर उद्या वाटण्या झाल्यावर गठ्ठे तेवढेच भरतील, आणि आतून काय गेलं ते कोणालाच सांगता येणार नाही.